विषय येतो, तरी प्रश्नात गाडी अडते: संगणक सर्टिफिकेशनच्या अवघड प्रश्नप्रकारांची तयारी

सिस्कोची सीसीएनए, कॉम्पटियाची नेटवर्क प्लस, मायक्रोसॉफ्टची अझ्युर, अ‍ॅमेझॉनची एडब्ल्यूएस यांपैकी कुठलीही परीक्षा पहिल्यांदा देणाऱ्यांची तयारी साधारण सारखीच असते. व्हिडिओ पाहायचे, वहीत नोट्स काढायच्या, मग मिळतील तेवढे चार पर्यायांचे प्रश्न सोडवायचे. आपल्याकडे विद्यापीठाच्या पेपरात 'जे येतंय ते लिहून या, काहीतरी गुण मिळतील' ही सवय लागलेली असते आणि एमएस-सीआयटीसारख्या पहिल्यावहिल्या ऑनलाइन परीक्षेमुळे संगणकावरची परीक्षा म्हणजे योग्य पर्यायावर टिचकी मारणं, एवढंच डोक्यात बसलेलं असतं. परीक्षा केंद्रात पहिलाच प्रश्न समोर येतो आणि त्यात पर्यायच नसतात. एक नेटवर्कचा नकाशा, चार-पाच उपकरणं, रिकामा तक्ता आणि वर 'फायरवॉलचे नियम भरा' अशी सूचना असते. विषय येत असतो, पण हात चालत नाही.

प्रश्नाचा प्रकार हा अभ्यासक्रमापेक्षा वेगळा विषय आहे आणि त्याचा सराव वेगळा करावा लागतो. हे मी प्रत्येक नवीन विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगतो, कारण मेहनती मुलं दहा-वीस गुणांनी मागे राहतात ती बहुधा इथेच.

आधी आपली परीक्षा कशी चालते ते पाहा

प्रत्येक कंपनीचे नियम निराळे आहेत. मित्राने दिलेला सल्ला त्याच्या परीक्षेसाठी बरोबर असतो आणि तुमच्या परीक्षेत तोच अंगाशी येऊ शकतो.

कॉम्पटियाच्या ए प्लस, नेटवर्क प्लस आणि सिक्युरिटी प्लस या परीक्षांत ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात. त्यात काही प्रश्न प्रत्यक्ष काम करून दाखवायचे असतात. त्यांना सगळे पीबीक्यू म्हणतात आणि ते बहुतेक वेळा सुरुवातीलाच येतात. प्रश्नावर खूण करून पुढे जाता येतं आणि नंतर परत येता येतं. पास व्हायला ९०० पैकी नेटवर्क प्लसला ७२० आणि सिक्युरिटी प्लसला ७५० लागतात. हे गुण मोजपट्टीवर बसवलेले असतात, त्यामुळे 'नव्वदपैकी इतके बरोबर म्हणजे पास' असा हिशेब मांडत बसू नका.

सिस्कोच्या सीसीएनएला, म्हणजे २००-३०१ ला, १२० मिनिटं मिळतात आणि एकदा पुढे गेलात की मागे येता येत नाही. 'अवघड प्रश्न शेवटी बघू' ही कॉम्पटियातली युक्ती इथे चालत नाही. इथे समोर आलेला प्रश्न तिथेच निकालात काढावा लागतो.

मायक्रोसॉफ्टच्या परीक्षेत दोन्ही गोष्टी असतात. बहुतेक प्रश्नांकडे परत येता येतं, पण काही विभाग एकदा सोडले की बंद होतात. असोसिएट पातळीच्या, लॅब नसलेल्या परीक्षेला १०० मिनिटं असतात आणि १००० पैकी ७०० ला पास. एडब्ल्यूएसच्या सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएटमध्ये १३० मिनिटांत ६५ प्रश्न येतात. त्यातले १५ गुणांसाठी धरलेच जात नाहीत, पण कुठले ते कळत नाही. त्यामुळे एखादा प्रश्न अगदीच परका वाटला तरी मन खट्टू करून घेऊ नका, तो त्या पंधरातलाही असू शकतो.

रेड हॅटची आरएचसीएसए अगदीच वेगळी आहे. तिथे पर्याय नावाची चीजच नाही. तीन तास, खरी लिनक्स मशीन आणि कामांची यादी. ३०० पैकी २१० मिळवायचे.

कॉम्पटिया, मायक्रोसॉफ्ट आणि एडब्ल्यूएस या तिन्हींमध्ये चुकीच्या उत्तराला उणे गुण नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

अभ्यासक्रमातली क्रियापदं वाचा

अभ्यासक्रमाची पीडीएफ प्रत्येक कंपनी फुकट देते. ती बहुतेकजण एकदा चाळतात आणि विसरतात. ती छापून घ्या आणि प्रत्येक मुद्द्याच्या सुरुवातीचा शब्द रंगवा. सीसीएनएच्या यादीत व्हीलॅन (एकाच स्विचवर केलेली वेगवेगळी नेटवर्क), स्टॅटिक राउटिंग, ओएसपीएफ (राउटरने आपोआप मार्ग शोधायची पद्धत), अ‍ॅक्सेस लिस्ट या मुद्द्यांच्या आधी 'कॉन्फिगर अँड व्हेरिफाय' असं लिहिलेलं असतं. इतर काही मुद्द्यांच्या आधी 'एक्स्प्लेन' किंवा 'डिस्क्राइब' असतं. कॉम्पटियाच्या यादीत 'गिव्हन अ सिनॅरिओ' अशी सुरुवात असलेले मुद्दे शोधा.

'कॉन्फिगर' म्हटलंय तिथे नुसतं वाचून भागणार नाही, कीबोर्डवर हात बसला पाहिजे. 'गिव्हन अ सिनॅरिओ' म्हटलंय तिथून पीबीक्यू येण्याची शक्यता जास्त. 'एक्स्प्लेन' असेल तिथे नोट्स आणि एमसीक्यू, म्हणजे चार पर्यायांचे प्रश्न, पुरतात. अर्ध्या तासाचं हे काम अभ्यासाचा सगळा वेळ कुठे घालवायचा ते ठरवून देतं.

चार पर्यायांचा प्रश्न: एका शब्दावर उत्तर फिरतं

पीबीक्यूची धास्ती सगळ्यांनाच असते, पण माझ्या मते सर्वांत जास्त गुण साध्या दिसणाऱ्या एमसीक्यूत जातात. चारपैकी दोन पर्याय उघड चुकीचे असतात, उरलेले दोन्ही बरोबर वाटतात, आणि त्यातला एक निवडायचा निकष प्रश्नातल्या एखाद्या शब्दात दडलेला असतो: फर्स्ट, नेक्स्ट, बेस्ट, मोस्ट लाइकली, लीस्ट, ऑन्ली.

कॉम्पटियाच्या धर्तीचा एक प्रश्न घेऊ. वापरकर्त्याच्या संगणकाला नेटवर्क मिळत नव्हतं. तंत्रज्ञाने केबल खराब असल्याचा अंदाज बांधला, दुसऱ्या केबलने तो तपासला, मग केबल बदलली आणि नेटवर्क सुरू झालं. त्याने नेक्स्ट काय करावं? पर्याय असे: झालेलं काम नोंदवून ठेवणं, सगळं व्यवस्थित चालतंय याची खात्री करणं, वरिष्ठांकडे प्रकरण पाठवणं, समस्येबद्दल आणखी माहिती विचारणं.

नोंद ठेवणं चुकीचं नाही, पण कॉम्पटियाच्या समस्यानिवारणाच्या क्रमात ती सगळ्यात शेवटी येते. समस्या ओळखणं, अंदाज बांधणं, अंदाज तपासणं, योजना आखणं, ती अमलात आणणं, सगळं चालतंय याची खात्री आणि मग नोंद असा तो क्रम आहे. म्हणून उत्तर 'खात्री करणं'. हा क्रम तोंडपाठ करा. तो येत असेल तर असे प्रश्न वीस सेकंदांत सुटतात, नसेल तर मिनिटभर घोळ चालतो.

एडब्ल्यूएसमध्ये हीच गोष्ट खर्च आणि वेळ यांवर बेतलेली असते. समजा, एका कंपनीला लॉग फाइल्स सात वर्षं जपून ठेवायच्या आहेत. वर्षातून एखाद-दोनदा त्या लागतात आणि लागल्या तर बारा तास थांबायची तयारी आहे. सर्वांत कमी खर्चाचा पर्याय कुठला? ग्लेशियर डीप आर्काइव्ह, म्हणजे एडब्ल्यूएसची सर्वांत स्वस्त पण सावकाश साठवण. आता प्रश्नातलं एकच वाक्य बदला: लागल्या तर मिलिसेकंदांत मिळाल्या पाहिजेत. उत्तर लगेच ग्लेशियर इन्स्टंट रिट्रीव्हल होतं. बाकी सगळा परिच्छेद तसाच राहतो. परिच्छेद चार ओळींचा असला तरी उत्तर ठरवणारे शब्द पाच-सहाच असतात.

म्हणून वाचायची पद्धत बदला. आधी शेवटची ओळ वाचा, म्हणजे नेमकं काय विचारलंय ते कळेल. मग वरचा परिच्छेद वाचताना फक्त अटी टिपा: किती खर्च, किती वेळ, काय बदलायचं नाही, कुणाला काय करता आलं पाहिजे. मग पर्यायांकडे वळण्याआधी उत्तर काय असावं ते मनात ठरवा. पर्याय आधी वाचले की ओळखीचा शब्द दिसताच मन तिकडे धावतं, आणि प्रश्न काढणाऱ्याने तो शब्द नेमका त्यासाठीच ठेवलेला असतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची भीती वाटते. ती मोठ्या शब्दांची असते, आणि तांत्रिक शब्द तर तुम्ही अभ्यासात रोज वापरताच. अडचण होते ती 'विदाउट', 'अनलेस', 'अ‍ॅट लीस्ट', 'एक्सेप्ट' अशा बारक्या शब्दांची. सराव प्रश्न सोडवताना हे शब्द दिसले की थांबून अख्खं वाक्य मराठीत सांगायचं, अशी सवय लावा. महिनाभरात ती अंगवळणी पडते. एडब्ल्यूएसमध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना तीस मिनिटं वाढीव मिळतात, पण परीक्षेची तारीख घेण्याआधी तसा अर्ज करावा लागतो. तारीख घेतल्यावर आठवलं तर त्या परीक्षेला ही सवलत लागू होत नाही.

'दोन निवडा' किंवा 'तीन निवडा' अशा प्रश्नांत प्रत्येक पर्याय स्वतंत्र प्रश्न समजून तपासा. पहिला सापडल्यावर दुसरा घाईने निवडला जातो. एडब्ल्यूएसमध्ये सगळे योग्य पर्याय निवडले तरच गुण मिळतात, निम्म्याला निम्मे नाहीत.

मायक्रोसॉफ्टचे हो-नाही प्रश्न

यात एक परिस्थिती आणि एक ध्येय दिलेलं असतं. मग एक उपाय सांगतात आणि विचारतात, याने ध्येय साध्य होतं का? पुढच्या प्रश्नात परिस्थिती तीच, उपाय दुसरा. उत्तर दिल्यावर मागे येता येत नाही. मालिकेत एकापेक्षा जास्त 'हो' असू शकतात, किंवा एकही नसू शकतो. 'मघाशी हो दिलंय, म्हणजे आता नाही असणार' असा तर्क लावू नका.

ध्येयात जे लिहिलंय तेवढंच मोजायचं. समजा ध्येय आहे: एका वापरकर्त्याला रिसोर्स ग्रुपमधली सगळी संसाधनं पाहता आली पाहिजेत, पण बदलता येऊ नयेत. उपाय: त्याला कॉन्ट्रिब्युटर भूमिका द्या. उत्तर 'नाही', कारण कॉन्ट्रिब्युटर बदलही करू शकतो. रीडर हवा. आता ध्येय फक्त 'पाहता आली पाहिजेत' एवढंच असतं, तर कॉन्ट्रिब्युटरनेही ते साध्य झालं असतं. अधिकार गरजेपेक्षा जास्त दिलेत हे आपल्याला खटकतं, पण तशी अट घातलेली नसेल तर ती मनाने जोडायची नाही. नोकरीत अनुभव असलेली माणसं इथे जास्त अडखळतात, कारण ती 'मी असतो तर असं केलं नसतं' या विचाराने उत्तर देतात.

केस स्टडीत अनेक टॅब असतात: सध्याची व्यवस्था, व्यवसायाच्या गरजा, तांत्रिक गरजा. सगळं आधी वाचत बसलात तर दहा मिनिटं गेली म्हणून समजा. आधी प्रश्न वाचा, मग गरजांचे टॅब, आणि सध्याची व्यवस्था लागेल तेवढीच. विभाग सोडण्याआधी सगळी उत्तरं तपासा, कारण तिथे पुन्हा येता येत नाही.

असोसिएट आणि एक्सपर्ट पातळीच्या परीक्षांत मायक्रोसॉफ्ट लर्नची संकेतस्थळावरची माहिती परीक्षा चालू असतानाच उघडता येते. त्यासाठी वेळ मात्र वाढवून मिळत नाही. एखादी मर्यादा किंवा कमांडचं नेमकं रूप आठवत नसेल तेव्हाच ती उघडा. विषय तिथे बसून शिकायला वेळ नसतो. ही शोधाशोध घरी करून पाहा, म्हणजे काय कुठे सापडतं याचा अंदाज येईल.

पीबीक्यू आणि सिम्युलेशन

फायरवॉलचा तक्ता भरायचाय असं समजू. अटी तीन आहेत. हिशेब विभागाच्या १९२.१६८.१०.०/२४ या नेटवर्कने १०.०.०.५ या वेब सर्व्हरशी सुरक्षित पद्धतीनेच बोलावं. प्रशासकाच्या १९२.१६८.२०.१५ या संगणकावरून त्या सर्व्हरवर सुरक्षित कमांड लाइनने जाता यावं. बाकी सगळं बंद.

खाली उघडणाऱ्या याद्यांमध्ये पोर्ट ८० आहे, ४४३ आहे, २२ आहे आणि २३ सुद्धा. पत्त्यांच्या यादीत १९२.१६८.२०.०/२४ आहे आणि १९२.१६८.२०.१५/३२ सुद्धा. 'सुरक्षित' हा शब्द पकडला तर पहिल्या नियमात एचटीटीपीएससाठी टीसीपी ४४३ येतं, दुसऱ्यात एसएसएचसाठी टीसीपी २२. 'प्रशासकाच्या संगणकावरून' म्हटलंय म्हणून /३२, म्हणजे एकच पत्ता, अख्खं नेटवर्क नाही. तिसरा नियम 'सगळ्यांना, सगळीकडे, मनाई', आणि तो सर्वांत खाली. फायरवॉल नियम वरून खाली वाचतो आणि जो पहिला जुळेल तो लावतो. मनाई वर गेली की खालचे दोन्ही नियम कितीही बरोबर लिहिले तरी निरुपयोगी.

यात अवघड ज्ञान काहीच नाही. पोर्ट तुम्हाला पाठ आहेत, /३२ माहीत आहे. अवघड आहे ते पडद्यावर पाच गोष्टी एकाच वेळी सांभाळणं. त्यासाठी अटी सुट्या करून मिळालेल्या बोर्डवर १, २, ३ असे आकडे घालून लिहा. प्रत्येक अट पुरी झाली की तिच्यापुढे खूण करा. शेवटी भरलेला तक्ता अटींशी ताडून पाहा. कॉम्पटियाच्या काही पीबीक्यूंना अंशतः गुणही मिळतात, म्हणून एखादा रकाना जमला नाही तरी बाकीचे भरून ठेवा. आणि 'रीसेट'चं बटण दाबताना हात आवरा, सगळं भरलेलं पुसलं जातं.

कॉम्पटियामध्ये वेळेचं गणित असं ठेवा: सुरुवातीचे पीबीक्यू उघडा, एकदा नजर टाका, दोन मिनिटांत होण्याजोगा असेल तर करा, नाहीतर खूण करून पुढे चला. काही प्रश्नांवर 'इथे परत येता येणार नाही' अशी सूचना असते, ती दिसली तर मात्र तिथेच थांबून पूर्ण करा. उरलेले ऐंशीएक एमसीक्यू प्रत्येकी पंचेचाळीस सेकंदांच्या वेगाने तासाभरात होतात. मग पीबीक्यूंना अर्धा तास शांतपणे मिळतो.

सीसीएनएच्या लॅब प्रश्नांची तयारी पॅकेट ट्रेसरवर करा. सिस्को नेटवर्किंग अ‍ॅकॅडमीत नोंदणी केली की तो फुकट मिळतो. दोन स्विच, चार संगणक, दोन व्हीलॅन आणि मधे ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहून नेणारी जोडणी), एवढं कोऱ्या फाइलवर पुस्तक न उघडता जमेपर्यंत करत राहा. कमांड पूर्ण टाइप करायची सवय ठेवा, घरी चालणारे सगळे शॉर्टकट परीक्षेतल्या पडद्यावर चालतीलच असं गृहीत धरू नका. काम झालं की 'शो' कमांडने तपासा. कॉन्फिगरेशन सेव्ह करायला सांगितलं असेल तर 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' विसरू नका. वीस मिनिटांची मेहनत त्या एका ओळीवाचून अपुरी ठरू शकते.

दोघा-तिघांनी मिळून अभ्यास करत असाल तर याहून चांगला सराव आहे. एकाने चालू नेटवर्क बनवायचं, त्यात मुद्दाम तीन बिघाड करायचे (एखादा पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये, चुकीचा गेटवे, ट्रंकवरून एक व्हीलॅन वगळलेला) आणि फाइल दुसऱ्याला पाठवायची. शोधणाऱ्याचा सराव होतोच, पण बिघाड करणारा त्याहून जास्त शिकतो, कारण प्रश्न काढणारा कुठे सापळा लावतो ते त्याला आतून कळतं.

आरएचसीएसएसाठी एकच गोष्ट ठासून सांगतो. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर जे टिकतं तेच मोजलं जातं. सर्व्हिस सुरू केली पण 'एनेबल' केली नाही, म्हणजे मशीनबरोबर आपोआप सुरू होईल असं केलं नाही, तर गुण गेले. सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये एक अक्षर चुकलं तर मशीन नीट सुरूच होणार नाही आणि बाकीची कामंही त्याबरोबर बुडतील. त्या फाइलला हात लावलात की लगेच 'माउंट -ए' चालवून पाहा. सराव करताना प्रत्येक लॅबच्या शेवटी मशीन रीबूट करा आणि मगच उत्तर तपासा.

ओढून जुळवायच्या प्रश्नांबद्दल थोडंच सांगायचंय. खात्रीच्या जोड्या आधी लावा, म्हणजे उरलेल्या कमी होतात. एक तुकडा दोनदा वापरता येतो का आणि काही तुकडे उरणार आहेत का, ते सूचनेत लिहिलेलं असतं. ती ओळ वाचल्याशिवाय माउसला हात लावू नका.

सराव कुठे करायचा

मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर परीक्षेच्या पडद्याचा फुकट नमुना आहे, त्यात सगळे प्रश्नप्रकार हाताळून पाहता येतात. शिवाय सराव चाचण्याही फुकट आहेत. एडब्ल्यूएसच्या स्किल बिल्डरवर अधिकृत नमुना प्रश्नसंच मिळतात. परीक्षेच्या दिवशी पडदा अनोळखी वाटता कामा नये, म्हणून हे किमान दोनदा करून ठेवा.

'खरे प्रश्न' म्हणून टेलिग्रामवर फिरणाऱ्या डंपच्या नादी लागू नका. परीक्षेआधी तुम्ही गोपनीयतेच्या करारावर 'मान्य' म्हणता आणि डंप वापरल्याचं लक्षात आलं तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं. त्यात छापलेली उत्तरंही बऱ्याचदा चुकीची असतात, आणि पीबीक्यूत आकडे बदलले की पाठांतर कामाला येत नाही. मुलाखतीत दहा मिनिटांत उघडं पडतं ते वेगळंच.

परीक्षेचा दिवस

नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मधे असतं, दुसऱ्यावर नसतं, तिसऱ्यावर आडनाव आधी येतं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचा तर हमखास घोळ होतो. तारीख घेतानाच हे तपासा, आदल्या रात्री नाही.

केंद्रात लिहायला पुसता येणारा बोर्ड आणि मार्कर मिळतो. घरून परीक्षा देत असाल तर कागद चालत नाही, पडद्यावरच्याच बोर्डवर माउसने लिहावं लागतं, आणि त्यावर सबनेटचा तक्ता काढणं जिकिरीचं असतं. नेटवर्किंगची परीक्षा असेल तर शक्यतो केंद्र निवडा. घरून देताना प्रश्न पुटपुटत वाचायलाही मनाई असते, नुसते ओठ हलले तरी निरीक्षक हटकतो. मोठ्याने वाचून समजून घ्यायची सवय असेल तर ती आधीच मोडावी लागेल.

वेळ सुरू झाल्यावर पहिल्या दोन मिनिटांत बोर्डवर १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ ही ओळ आणि तिच्याखाली /२५ ते /३२ लिहून ठेवा. /२७ दिसलं की खालून वर बघायचं, ३२ पत्त्यांचा गट, काम झालं.

नापास झालात तर निकालपत्रात कुठल्या भागात कमी पडलात ते दिलेलं असतं. घरी पोचल्याबरोबर ते अभ्यासक्रमाच्या पीडीएफशी ताडून पाहा आणि कमी पडलेल्या मुद्द्यांपुढे 'कॉन्फिगर' आहे की 'एक्स्प्लेन' ते बघा. 'कॉन्फिगर'वाले मुद्दे पडले असतील तर पुस्तक बाजूला ठेवून लॅब उघडा. सिस्कोत पुन्हा बसायला पाच दिवस थांबावं लागतं, एडब्ल्यूएसमध्ये चौदा, मायक्रोसॉफ्टमध्ये पहिल्या प्रयत्नानंतर चोवीस तास. कॉम्पटियात दुसऱ्या प्रयत्नाला थांबावं लागत नाही, पण तरी लगेच तारीख घेऊ नका. तीच लॅब आधी घड्याळ लावून तीनदा वेळेत पूर्ण होऊ द्या, मग पैसे भरा.